आधी काढा, मग चहा

आमच्या भुसावळच्या घरात चहा दोन ठिकाणी असे. एक स्वयंपाकघरात, पत्र्याच्या डब्यात. दुसरा औषधांच्या फळीवर, बाटलीत. दवाखान्यात पूर्वी मिक्श्चर मिळायचं तसली ती चपटी बाटली. कडेला कंगोरे कापलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एक कंगोरा म्हणजे एक डोस. आत खोकल्याचं औषध नव्हतं. आलं, सुंठ, मिरी, वेलदोडा आणि गूळ घालून आटवलेला, काकवीच्या रंगाचा चहा होता. एक कंगोराभर घ्यायचा, वर कढत पाणी ओतायचं, की झाला एक कप.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मालगाडीचे गार्ड होते. १९४६ साली जीआयपी रेल्वेत लागले आणि १९८४ मध्ये मध्य रेल्वेतून निवृत्त झाले. भुसावळ ते इगतपुरी हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटरचं. मेल-एक्स्प्रेस ते काही तासांत कापायच्या, पण मालगाडीला घड्याळाशी देणं-घेणं नसतं. मागून मेल येतेय म्हटलं की मालगाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घालायची, मेल गेली की पॅसेंजर, पॅसेंजर गेली की आणखी काही. चाळीसगावच्या अलीकडे कुठल्याशा लहान स्टेशनात रात्रीचे चार-चार तास गाडी उभी. ब्रेकव्हॅनमध्ये अण्णा एकटे, सोबत कंदील, झेंड्या, लाईन बॉक्स. त्या पेटीत डबा, घोंगडी आणि ही बाटली. दूध टिकणार नाही, पण हा काढा पाच-सहा दिवस टिकायचा.

आजी त्याला काढाच म्हणायची. अण्णा अर्क म्हणायचे, कारण तो शब्द भारदस्त. आई डिकाशन म्हणायची, तिच्या शेजारी एक मद्रासी कुटुंब राहत असे. मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून सांगते की अर्क हा शब्द चूक आहे. अर्क वाफेतून उतरवतात, गुलाबाचा किंवा ओव्याचा. आटवून काढतात तो काढा. तिघांत आजी, जिला अक्षरओळख नव्हती, तीच बरोबर होती. आणि नुसत्या शब्दापुरती बरोबर नव्हती, इतिहासाच्या हिशेबानेही बरोबर होती, हे मला फार उशिरा कळलं.

तिची रीत अशी. पितळी पातेल्यात चार भांडी पाणी. सुंठ ठेचून, मिरी अर्धवट कुटून, आलं किसून नव्हे तर पाट्यावर चेचून. मंद आचेवर झाकण न ठेवता पाणी एका भांड्यावर येईपर्यंत आटवायचं. मग गूळ. गूळ विरघळला की पातेलं खाली उतरवायचं आणि त्यात चहाची पूड टाकून वर ताट झाकायचं. वेलदोडे सगळ्यात शेवटी, सालासकट. तिच्या भाषेत एक मारुतिस्तोत्र म्हणून होईपर्यंत ठेवायचं. मग जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळून बाटलीत.

आयुर्वेदात औषध पाण्यात उतरवण्याच्या ज्या रीती सांगितल्यात, त्यांतल्या दोन इथे कामाच्या. क्वाथ म्हणजे काढा: वनस्पती भरडायची, सोळापट पाण्यात घालायची आणि आठवा हिस्सा उरेतो उकळायची, असं शार्ङ्गधर संहितेचं माप. दुसरी फांट: बारीक चूर्णावर कढत पाणी ओतायचं, झाकून ठेवायचं आणि गाळून प्यायचं. फांट उकळायचा नसतो. आता इंग्रजांचा चहा आठवा. किटलीतलं उकळतं पाणी पत्तीवर ओतायचं, वर टोपडं घालायचं, पाच मिनिटं थांबायचं. तो शुद्ध फांट आहे. आपला उकळलेला चहा हा क्वाथ. आणि आजी? मुळं आणि फळं, म्हणजे सुंठ-मिरी, तिने काढ्यासारखी उकळली. पानं, म्हणजे चहा, फांटासारखी नुसती मुरवली. कठीण द्रव्याचा काढा आणि नाजूक द्रव्याचा फांट हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तुळशीची पानं ती कधी उकळत नसे, चहाचीही उकळली नाहीत, इतकंच.

मसाला चहा म्हणजे इंग्रजांच्या सभ्य पेयात आपण केलेली गावठी भेसळ, असं मला तरुणपणी वाटायचं. पुष्कळांना अजून वाटतं. कागदपत्रं उलटं सांगतात. मांडेल्स्लो नावाचा एक जर्मन प्रवासी १६३८ साली सुरतेत होता. तिथल्या इंग्रजांच्या बैठकीत रोज चहा घेतला जाई, आणि तो पोट साफ करणारं औषध म्हणून घेत, असं त्याने लिहून ठेवलंय. पन्नास वर्षांनी, १६८९ मध्ये, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री आधी मुंबईत आणि मग सुरतेत आला. मुंबईच्या हवेत माणूस दोन पावसाळे काढतो की नाही याची खात्री नसते, अशी तिथली म्हण नोंदवणारा तो हाच. सुरतेत चहा सर्रास पितात, त्यात गरम मसाले घालून उकळतात, आणि असा चहा डोकेदुखीवर, मूतखड्यावर, पोटात मुरडा येतो त्यावर चांगला समजला जातो, असं तो सांगतो. खडीसाखर घालून पितात, शौकीन लोक मुरवलेलं लिंबू घालतात. दुधाचा उल्लेख या वर्णनात नाही. लंडनमध्ये त्या वेळी चहा हे श्रीमंतांचं अप्रूप होतं आणि आसामच्या जंगलातल्या चहाच्या झाडाची इंग्रजांना गंधवार्ताही नव्हती. ती १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूसला सिंगफो लोकांमुळे लागली.

म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर चहा आला तो चीनहून, जहाजातून, आणि उतरला तो काढ्याच्या पातेल्यात. मसाला नंतर घातलेला नाही. पातेल्यात मसाला आधीच होता, चहा नंतर पडला.

अशा चहाला नाक मुरडणारेही जुनेच. चीनमध्ये आठव्या शतकात लू यू नावाच्या रसिकाने चहावर ग्रंथ लिहिला. त्यात आलं, कांद्याची पात, बोरं, संत्र्याची साल, पुदिना असलं काहीबाही घालून चहा उकळणाऱ्यांवर तो भडकलाय. त्याच्या लेखी ते गटाराचं पाणी. याचा अर्थ त्याच्या भोवतालचे लोक आलं घालून उकळलेला चहा मजेत पीत होते. रसिकांच्या तक्रारी इतिहासाला फार उपयोगी पडतात, कारण तक्रार कशाची हे लिहावंच लागतं.

गवती चहा या नावातही असाच गमतीदार घोटाळा आहे. ते गवत, त्याचा चहाच्या झाडाशी काही संबंध नाही. पण ते उकळून पिण्याची सवय आणि चहा उकळून पिण्याची सवय आपल्याकडे अशी एकजीव झाली की गवतालाच चहाचं नाव लागलं. पारशी लोक चहात पुदिना आणि गवती चहा दोन्ही घालतात. चीनशी झालेल्या व्यापारातून मुंबईत आलेला चहा ज्यांच्या घरी आधी शिजला त्यांपैकी ते, तेव्हा त्यांच्या पातेल्याला मान द्यायला हवा.

आता पुण्याची गोष्ट, ती टाळता येत नाही. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातली बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. चहा-बिस्किटं पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी नुसता कप हातात धरला. बोलावणं करणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, स्वभावाने खोडकर. त्यांनी हजर लोकांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावात वणवा पेटला. ग्रामण्य झालं, म्हणजे बहिष्काराचा वाद उठला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं. त्यावरून घरात काय झालं ते रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय, आणि मूळ प्रसंगापेक्षा तेच जास्त वाचनीय आहे.

या प्रकरणात चहावर कोणीही खटला भरला नव्हता. गुन्हा होता तो मिशनच्या हातचं पिण्याचा. पाणी कोणी तापवलं, कपाला कोणाचा हात लागला, एवढाच प्रश्न.

हाच प्रश्न साठ वर्षांनी आमच्या भुसावळच्या ओट्यावर विचारला जायचा. गाडी लूपला लागली की अण्णा ब्रेकव्हॅनमधून उतरून अख्खी गाडी ओलांडून इंजिनापर्यंत चालत जायचे, हातात पितळी मग आणि खिशात बाटली. इंजिनावर ड्रायव्हर बहुधा अँग्लो-इंडियन, भुसावळला त्यांची मोठी वस्ती होती. फायरमन बहुधा मुसलमान. फायरमन टिनच्या डब्यात पाणी घ्यायचा, डबा कोळशाच्या फावड्यावर ठेवायचा आणि फावडं भट्टीच्या तोंडात धरायचा. पाणी मिनिटभरात खदखदायचं. तिघांच्या मगात एकेक कंगोरा काढा, वर पाणी. आजी दर खेपेला विचारायची, "पाणी कोणी तापवलं रे?" अण्णा म्हणायचे, "आगीने." आजी गप्प बसायची. हसायची नाही, पण गप्प बसायची. मग स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणायची की औषधाला विटाळ नसतो.

तिच्या घरात चहा आला तो याच पळवाटेने, असं माझं मत आहे, आणि आमच्या एकट्या घरात आला असं मला वाटत नाही. चहा म्हणून आला असता तर तो हॉटेलातला, परक्या हातचा, व्यसन लावणारा पदार्थ ठरला असता. काढा म्हणून आला, म्हणून औषधांच्या फळीवर त्याला जागा मिळाली. उपासाला चालला, सोवळ्यात चालला, बाळंतिणीला चालला.

अण्णा एक गोष्ट सांगताना मात्र अडखळायचे. लहान स्टेशनांवर पॉइंट्समन रात्री सोबतीला येऊन बसायचा. त्याची वाटी निराळी असायची, आणि अण्णा काढा वरून, हात लांब धरून ओतायचे. हे किती वर्षं चाललं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. गावोगावच्या हॉटेलांबाहेर दलितांसाठी कान तुटलेले कप वेगळे ठेवलेले असत, काही गावांत करवंट्या. स्टेशनांवर तर स्वातंत्र्याच्या वेळेपर्यंत हिंदू चहा आणि मुसलमान चहा अशा दोन आरोळ्या. चहाने माणसं जवळ आणली असं म्हणणाऱ्यांनी हे कपही मोजावेत.

चहा घराघरांत पोचवण्याचं श्रेय मात्र आजीसारख्यांना देऊन भागणार नाही. तो पैसा खर्चून, ठरवून विकला गेला. १९०३ साली मळेवाल्यांच्याच मागणीवरून चहाच्या निर्यातीवर कर बसवणारा कायदा झाला; त्या पैशातून प्रचार करायचा, असा बेत. आधी लक्ष परदेशी बाजारांवर होतं. मग १९२९ नंतरची मंदी आली, भाव कोसळले, आणि १९३३ मध्ये भारत, सिलोन आणि डच इंडीज यांनी मिळून निर्यातीला आळा घालायचं ठरवलं. बाहेर पाठवता येत नाही तो माल इथेच खपवायला हवा. मग प्रचारकांच्या फौजा निघाल्या. बाजारात, जत्रेत, गिरणीच्या दारात फुकट चहा. पैशाला एक पुडी. जिथे बायका बाहेर येत नसत तिथे घरात जाऊन चहा करून दाखवणाऱ्या बायका. रेल्वे फलाटांवर इनॅमल चढवलेले पत्र्याचे फलक, त्यांवर चहा कसा करावा याचे धडे, चित्रांसकट आणि स्थानिक भाषांत.

अण्णांनी तसला फलक नोकरीच्या पहिल्या वर्षांत पाहिला होता. ताजं पाणी घ्या, भांडं आधी गरम करा, माणशी एक चमचा पत्ती आणि भांड्याचा एक चमचा जास्तीचा, उकळतं पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, मग दूध-साखर. फांटाचीच कृती. आलं नाही, वेलदोडा नाही. माणशी एक चमचा आणि शिवाय भांड्याचा एक, यातली मेख आजीच्या लगेच लक्षात आली होती म्हणे. "भांडं कधी पितं का?" असं तिने विचारलं.

प्रचारकांना मसाला आवडत नसे याचं कारण चवीत शोधू नये. आलं-मिरीने घशाला चटका बसतो, साखरेने तरतरी येते, दुधाने पोट भरतं. मग पत्ती कमी टाकली तरी कपात काही कमी पडल्यासारखं वाटत नाही. रस्त्यावरच्या चहावाल्याने नेमकं हेच केलं. पत्ती महाग होती, आलं स्वस्त. विकणाऱ्याला पत्ती खपवायची होती, पिणाऱ्याला ती पुरवून वापरायची होती, आणि मसाला पिणाऱ्याच्या बाजूने होता. माझ्या मते मसाला चहाच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे, आणि ते आयुर्वेदाचं नसून हिशेबाचं आहे.

१९७४ मध्ये मी पुण्याला शिकायला गेले आणि तिथे अमृततुल्य पाहिलं. पाहिलं म्हणते, कारण मुलींनी तिथे उभं राहायचं नसे. मावसभाऊ आत जायचा आणि मी सायकल धरून बाहेर. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी ही दुकानं मांडली. दवे, ओझा अशी आडनावं आणि दुकानांना बहुधा देवांची नावं. सोन्या मारुती चौकाजवळचं आद्य अमृततुल्य १९२४ चं. उंच बैठकीवर मांडी घालून बसलेला माणूस, समोर आरशासारखं घासलेलं पितळी पातेलं, वेलदोडा-सुंठ कुटण्याचा ठेका, आणि फडक्यातून गाळताना उंचावरून पडणारी धार. ब्राह्मणाच्या हातचा म्हणून सनातन्यांनाही चालणारा. ज्या शहरात चहाच्या एका कपावरून ग्रामण्य झालं, त्याच शहरात पुढच्या चाळीस वर्षांच्या आत चहाला अमृताची बरोबरी मिळाली. हातांचा प्रश्न सुटला नव्हता, त्याची दुकानाच्या पाटीवरच सोय झाली होती.

इराण्याचं काम याच्या अगदी उलट. अमृततुल्यात सगळं एका पातेल्यात, दर दहा मिनिटांनी नवं. इराण्याकडे चहाचं पाणी एका भांड्यात मंद आचेवर मुरत ठेवलेलं, आटवलेलं दूध दुसऱ्या भांड्यात, आणि गिऱ्हाईक आलं की कपात दोन्हींची गाठ. ही रीत ते घरून घेऊन आले. इराणात आणि रशियात समोवारच्या डोक्यावर लहान किटलीत कडक चहा करून ठेवतात आणि पिताना त्यात गरम पाणी मिसळतात. अण्णांची बाटली म्हणजे कोळशाच्या इंजिनाला समोवार मानलेलं, असं मी एकदा त्यांना म्हटलं. त्यांना समोवार माहीत नव्हता. चित्र दाखवलं तर म्हणाले, यापेक्षा डब्ल्यूजी बरं, जागेवरून हलतं तरी. डब्ल्यूजी हे त्या काळचं कोळशाचं इंजिन.

मग बाटली गेली कशी? दोन-तीन कारणं एका वेळी आली. भुसावळ-इगतपुरी मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली आणि भट्टीच गेली. विजेच्या इंजिनात फावडं कुठे धरायचं? दुसरं कारण चहाच्या पुडीत होतं. आसामात अमगुरी मळ्यावर १९३० च्या सुमारास मॅककर्चर नावाच्या माणसाने पानं चिरडून, फाडून, गोळी वळवणारं यंत्र काढलं. त्याचा दाणेदार सीटीसी चहा आपल्याकडे साठच्या दशकापासून स्वस्तात सगळीकडे झाला. या दाण्याला दोन उकळ्या दिल्या की दुधातही तांबडा रंग आणि कडकपणा उतरतो. मसाला चहा खऱ्या अर्थाने गल्लोगल्ली गेला तो यानंतर. फलाटावर कोणत्याही वेळी कप मिळू लागला, आणि लाईन बॉक्समधून बाटली काढण्याची गरज उरली नाही. तिसरं कारण, आजी १९७१ मध्ये गेली.

तिच्या मागे आईने एकदाच करून पाहिला आणि तो कडूजहर झाला. पूड नवी, सीटीसी, आणि माप जुनं. मीही निवृत्त झाल्यावर नाद घेतला तेव्हा पहिल्या तीन खेपा सांडपाण्यात गेल्या. पहिल्यांदा मसाल्याबरोबर पूडही वीस मिनिटं उकळली. चहातलं टॅनिन सगळं उतरलं आणि जीभ चामड्यासारखी झाली. गांधीजींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या कैदेत आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं, त्यात चहातल्या टॅनिनवर त्यांचा रोख आहे. माझी ती बाटली त्यांच्या बाजूने साक्ष द्यायला पुरेशी होती. दुसऱ्यांदा कच्चं आलं दुधात किसलं आणि दूध फाटलं. आल्यात प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं, ते उकळीत मरतं. आजी आलं आधी पाण्यात का उकळायची याचं उत्तर मला साठाव्या वर्षी मिळालं, आणि मी मुलांना एन्झाइम शिकवत होते! तिसऱ्यांदा सगळं नीट झालं, पण सकाळी फ्रीजमध्ये बाटली गढूळ दिसली म्हणून मी ती नासली समजून ओतून दिली. ती नासली नव्हती. कडक चहा गार झाला की त्यातलं कॅफीन आणि रंगद्रव्यं एकमेकांना धरून बसतात आणि पाणी मातकट दिसतं. तापवलं की पुन्हा निवळ. आजीच्या काळी फ्रीज नसल्यामुळे तिला हा प्रश्न पडलाच नव्हता.

माझं आजचं माप असं. एक लिटर पाणी, अंगठ्याएवढं आलं चेचून, सुंठेचा लहान तुकडा, आठ-दहा मिरी, दोन लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी. मिरी आजीची, लवंग-दालचिनी माझी; दालचिनीचे चोचले तिला पटले नसते. बिनझाकणाचं मंद उकळून पाऊण लिटर होऊ द्यायचं. आलं वाळून सुंठ झाली की तिखटपणाची जात बदलते, ओल्या आल्याचा चटका जिभेवर आणि सुंठेचा घशात, म्हणून दोन्ही. मग दीडशे ग्रॅम गूळ, तो विरघळला की आच बंद. चाळीस ग्रॅम सीटीसी पूड आणि सहा ठेचलेले वेलदोडे टाकून झाकण. चार मिनिटं, जास्त नाही. सीटीसी दाणा भराभर उतरतो, त्याला मारुतिस्तोत्र पुरे. गाळताना फडकं पिळायचं नाही. पिळलं की शेवटचा कडवटपणा उतरतो. एका कपाला तिसरा हिस्सा काढा, बाकी कढत दूध किंवा पाणी. दूध घालायचं तर काढा उकळता नको आणि दूध शिळं नको, गुळाने फाटतं.

माझी भाची अमेरिकेत असते. तिकडे नव्वदच्या दशकापासून हा प्रकार डब्यात मिळतो, चाय कॉन्सन्ट्रेट या नावाने, आणि पिताना दूध मिसळायचं अशी सूचना वर छापलेली असते. तिने एक डबा आणला. आम्ही दोघींनी चव घेतली. साखर फार, दालचिनी त्याहून फार, चहा कुठेतरी मागे. पण कृती ओळखीची होती. भाची म्हणाली, "मावशी, हे तर आपल्या आजोबांचं." मी म्हटलं, आजोबांचं नव्हे, त्यांच्या आईचं. आणि तिच्याही आधी सुरतेच्या कोणा वाण्याच्या घरचं, ज्याच्या पोटात मुरडा येत होता.

ती जुनी बाटली अजून माझ्याकडे आहे. कागदाची पट्टी केव्हाच सुटून गेली, पण डिंकाच्या खुणा काचेवर राहिल्यात, त्यावरून कंगोरे मोजता येतात. आठ आहेत. म्हणजे एका भरीत आठ कप, त्यातले निदान तीन-चार दुसऱ्यांच्या मगात जायचे. मी तिच्यात काढा भरत नाही, बूच उरलेलं नाही.

तुम्ही करणार असाल तर काचेची बाटली घ्या, ती आधी उकळत्या पाण्यातून काढून कोरडी करा, आणि वर तारीख लिहा. फ्रीजमध्ये आठवडाभर चांगला राहतो. आठव्या दिवशी उरलेला गुलाबाच्या मुळाशी ओता.